टकरीनंतर कोण कोणात गुंतलं? प्रकीर्णनातलं एन्टँगलमेंट मोजायला शिकणाऱ्यांसाठी

दोन कण एकमेकांवर आदळून दूर गेले (यालाच प्रकीर्णन म्हणतात) की सहसा ते क्वांटम अर्थानं गुंतलेले, म्हणजे एन्टँगल झालेले, असतात. विधान बरोबर आहे, पण नुसत्या विधानाचा उपयोग फारसा नाही. कशाच्या बाबतीत गुंतलेले? किती? आणि टकरीनंतरच्या सगळ्या शक्यता धरून, की फक्त डिटेक्टरमध्ये सापडलेल्या जोड्या धरून? या तीन प्रश्नांची उत्तरं सोबत नसतील तर एन्टँगलमेंटचा कुठलाही आकडा, कितीही दशांश स्थळांपर्यंत दिलेला असला तरी, तूर्त बाजूला ठेवावा.

खाली न्यूट्रॉन आणि प्रोटॉनच्या एकाच टकरीचा हिशेब दोन तऱ्हांनी केला आहे. दोन्ही हिशेब बरोबर आहेत आणि दोन्हींची उत्तरं एकमेकांच्या उलट जातात. ते का, हे कळलं की या विषयातले लेख वाचताना अडखळायला होत नाही. तयारी म्हणून अर्धा स्पिन, संमिश्र संख्या आणि कॅल्क्युलेटर एवढं पुरे. क्वांटम क्षेत्र सिद्धांत अजून शिकला नसाल तरी चालेल.

पायरी १: चार आकडे आणि एक चाचणी

अर्ध्या स्पिनच्या दोन कणांच्या चार मूळ स्थिती असतात: ↑↑, ↑↓, ↓↑, ↓↓. त्यांचे गुणांक अनुक्रमे अ, ब, क, ड असू देत आणि त्यांच्या मापांच्या वर्गांची बेरीज १. आता अ×ड आणि ब×क यांची तुलना करा. दोन्ही सारखे असतील तर स्थिती सुटी आहे, म्हणजे पहिल्या कणाचं वेगळं आणि दुसऱ्याचं वेगळं वर्णन करता येतं. सारखे नसतील तर कण गुंतलेले आहेत. किती, ते सांगणारी राशी म्हणजे कन्करन्स: अ×ड वजा ब×क याचं माप घ्यायचं आणि दुप्पट करायचं. उत्तर ० ते १ मध्ये येतं.

सिंगलेट स्थिती म्हणजे ↑↓ वजा ↓↑, भागिले √२. तिथे अ आणि ड शून्य, ब आणि क यांचं माप १/√२, म्हणून कन्करन्स १. याहून जास्त गुंतणं दोन स्पिनना शक्य नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहून घ्या, कारण पुढे टॉप क्वार्कपर्यंत ती कामी येणार आहे. समजा एखादं यंत्र निम्म्या वेळा ↑↓ अशी जोडी सोडतं आणि निम्म्या वेळा ↓↑. उभ्या दिशेत मोजलं तर दोन कणांचे स्पिन दर वेळी विरुद्ध, अगदी सिंगलेटसारखेच. पण आडव्या दिशेत मोजलं तर या यंत्राच्या जोड्यांमध्ये काहीच संबंध दिसत नाही. सिंगलेट मात्र कुठल्याही दिशेत मोजा, स्पिन विरुद्धच येतात. म्हणून एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन दिशांमध्ये सहसंबंध मोजायचा (स्पिन दर वेळी सारखे तर +१, दर वेळी विरुद्ध तर −१, काहीच संबंध नसेल तर ०) आणि त्याची सरासरी घ्यायची. या सरासरीला ‘डी’ म्हणू. सिंगलेटसाठी तिन्ही दिशांमध्ये −१, म्हणून डी = −१. आपल्या साध्या यंत्रासाठी −१, ०, ०, म्हणून डी = −१/३. सुट्या स्थितींचं कसंही मिश्रण केलं तरी डी −१/३ च्या खाली जात नाही. तो त्याखाली गेला की एन्टँगलमेंट सिद्ध झालं. उलट बाजू मात्र खरी नाही: डी −१/३ च्या वर असला तरी दुसऱ्या प्रकारचं एन्टँगलमेंट असू शकतं.

याच गोष्टीचं दुसरं रूप म्हणजे सिंगलेट-वाटा, म्हणजे मोजलं तर सिंगलेट सापडण्याची शक्यता. सिंगलेट-वाटा = (१ − ३×डी)/४. डी = −१/३ ठेवून पाहा, वाटा बरोबर ०.५ येतो. थोडक्यात, सिंगलेट निम्म्याहून जास्त असलं की जोडी गुंतलेली.

पायरी २: कशाची विभागणी, ते आधी ठरवा

एन्टँगलमेंट नेहमी दोन भागांमध्ये असतं आणि ते भाग आपण ठरवतो. एका कणाचा स्पिन विरुद्ध दुसऱ्याचा स्पिन, हा सगळ्यात सरळ पर्याय. हा लेख त्याबद्दलच आहे.

संवेगाचंही एन्टँगलमेंट असतं. वस्तुमान-केंद्राच्या चौकटीत एक कण ज्या दिशेला जातो त्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला दुसरा जातो, त्यामुळे तिथल्या एन्टँगलमेंटचं माप असलेल्या एन्ट्रॉपीचा प्रश्न शेवटी कोनानुसार होणाऱ्या वितरणाचा प्रश्न होतो. पण सुरुवातीचे कण नेमक्या संवेगाचे मानले की अनंत आकारमानाची कटकट मागे लागते आणि ती मिटवल्याशिवाय आकडा हाती येत नाही. नवख्या माणसानं सुरुवातीला तिकडे वळू नये असं माझं मत आहे.

दोन्ही कण एकाच जातीचे असतील, उदाहरणार्थ दोन प्रोटॉन, तर ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ म्हणण्यात अर्थ नसतो. तिथे ‘डाव्या डिटेक्टरमधला’ आणि ‘उजव्या डिटेक्टरमधला’ अशी नावं द्या. पाउलीच्या नियमामुळे तरंगफलनाला जी प्रतिसममिती लागते तिलाच एन्टँगलमेंट समजणं ही नेहमीची गफलत आहे.

पायरी ३: न्यूट्रॉन आणि प्रोटॉन, पहिला हिशेब

कमी ऊर्जेला अणुगर्भीय बलाचा पल्ला तरंगलांबीच्या मानानं इतका लहान असतो की कोनीय संवेग शून्य असलेली लाटच तेवढी बलाच्या तावडीत सापडते. मग बलाला दोनच गोष्टी ओळखू येतात: जोडी सिंगलेट आहे की ट्रिपलेट (म्हणजे उरलेल्या तीन स्थितींपैकी: ↑↑, ↓↓ आणि ↑↓ अधिक ↓↑). दोघींच्या लाटेची फेज वेगवेगळी सरकते. त्या सरकण्याला फेज शिफ्ट म्हणतात आणि टकरीनंतर लाटेला तिच्या दुपटीएवढी फेज मिळते. ट्रिपलेटमध्ये टेन्सर बलामुळे वरच्या कोनीय संवेगाची किंचित भेसळ होते. या ऊर्जांना ती सोडून दिली तरी चालतं.

आता न्यूट्रॉन ↑ आणि प्रोटॉन ↓ असे सोडा. कन्करन्स शून्य, दोघे पूर्ण सुटे. पण ↑↓ म्हणजेच (ट्रिपलेट + सिंगलेट)/√२, जिथे हे ट्रिपलेट म्हणजे ↑↓ अधिक ↓↑ असलेलं. टक्कर होताना दोन्ही तुकड्यांना वेगवेगळी फेज मिळते. पुन्हा ↑↓ आणि ↓↑ च्या भाषेत लिहिलं, आणि दोघांना समान असलेली फेज बाजूला काढली, की उरतं ते असं:

↑↓ चा गुणांक: कोसाइन(फरक)
↓↑ चा गुणांक: साइन(फरक) गुणिले −१ चं वर्गमूळ

इथे ‘फरक’ म्हणजे ट्रिपलेटची फेज शिफ्ट वजा सिंगलेटची. पायरी १ ची चाचणी लावा: कन्करन्स = साइन(२×फरक) चं माप. हे कागदावर एकदा स्वतः करून पाहाच, चार ओळींचं काम आहे. फरक ०° असेल तर काहीच झालं नाही. ४५° असेल तर जोडी पूर्ण गुंतली. ९०° असेल तर दोघांनी स्पिनची पूर्ण अदलाबदल केली आणि पुन्हा सुटे झाले! परस्परक्रिया एवढी जोरदार, पण एन्टँगलमेंट शून्य. बल जितकं मोठं तितकं एन्टँगलमेंट मोठं, ही समजूत इथेच मोडते.

सुरुवातीचे स्पिन वाटेल त्या दिशांना रोखून सगळ्या शक्यतांची सरासरी काढली तर ‘एन्टँगलिंग पॉवर’ नावाची राशी मिळते. ती साइन(२×फरक) च्या वर्गाचा सहावा भाग असते. माहिती तीच, वेष्टन वेगळं.

पायरी ४: आकडे घाला

फेज शिफ्ट काढायला मोठ्या प्रोग्रॅमची गरज नाही. हे एक समीकरण पुरतं:

त × कोटॅन्जंट(फेज शिफ्ट) = −१/ल + (प × त²)/२

त म्हणजे तरंगांक, ल म्हणजे प्रकीर्णन लांबी, प म्हणजे प्रभावी पल्ला; लांब्या फेम्टोमीटरमध्ये. त² काढायला स्थिर प्रोटॉनवर येणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये (पुढे एमईव्ही) घ्या आणि ८२.९ नं भागा. सिंगलेटसाठी ल = −२३.७, प = २.७५. ट्रिपलेटसाठी ल = ५.४२, प = १.७५. चिन्हांतला फरक महत्त्वाचा आहे. ट्रिपलेटमध्ये ड्यूटेरॉन हे बद्ध केंद्रक तयार होतं, बंधन ऊर्जा २.२२ एमईव्ही. सिंगलेटमध्ये बंधन अगदी थोडक्यात हुकतं, आणि थोडक्यात हुकल्यामुळेच ती लांबी एवढी मोठी आणि ऋण आहे.

१ एमईव्हीला: त² = ०.०१२०६, त = ०.११०. सिंगलेटचा कोटॅन्जंट ०.५३, फेज शिफ्ट ६२°. ट्रिपलेटचा कोटॅन्जंट −१.५८, फेज शिफ्ट १४८°. फरक ८६°, कन्करन्स साइन(१७२°), म्हणजे ०.१४.

१० एमईव्हीला: सिंगलेट ५९°, ट्रिपलेट १०३°. फरक ४४°, कन्करन्स जवळजवळ १.

ऊर्जा शून्याकडे नेली तर सिंगलेटची फेज शिफ्ट ०° कडे आणि ट्रिपलेटची १८०° कडे जाते. फरक १८०°, कन्करन्स शून्य. मधला प्रवास मजेशीर आहे. ०.०८ एमईव्हीच्या आसपास फरक १३५° होतो आणि जोडी पूर्ण गुंतते, ०.८ च्या आसपास ९०° होऊन पूर्ण सुटते, १० च्या जवळ पुन्हा पूर्ण गुंतते.

२०१९ मध्ये सायलस बीन, डेव्हिड कॅप्लान, नटाली क्लको आणि मार्टिन सॅव्हेज यांनी याच राशीवरून एक लक्षवेधी कल्पना मांडली: कमी ऊर्जेच्या प्रबळ बलात एन्टँगलमेंट दबलेलं असणं आणि तिथे जास्तीच्या सममिती प्रकट होणं यांचं नातं आहे. दोन्ही फेज शिफ्ट सारख्या असतील तर एन्टँगलिंग पॉवर शून्य होते, आणि नेमकी तीच भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नरनं सुचवलेल्या, स्पिन व आयसोस्पिन (कण प्रोटॉन की न्यूट्रॉन, हे सांगणारी राशी) एकत्र बांधणाऱ्या सममितीची अट आहे. कल्पना सुंदर आहे. मात्र ‘एन्टँगलमेंट दबलेलं असतं’ हे वाक्य कुठे वाचलंत तर कुठल्या ऊर्जेला, हे लगेच विचारा. वरचा १० एमईव्हीचा आकडा दबलेला नक्कीच नाही.

पायरी ५: तीच टक्कर, डिटेक्टरच्या बाजूनं

वरच्या हिशेबात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती. तिथली ‘टकरीनंतरची स्थिती’ म्हणजे शून्य कोनीय संवेगाची सगळी लाट, त्यात धक्का न लागता तशीच पुढे गेलेला भागही आला. डिटेक्टर मात्र बाजूला, कोनात ठेवलेला असतो. त्याला फक्त विखुरलेले कण दिसतात. न विखुरलेल्यांना आपण न सांगता गाळून टाकलेलं असतं.

गाळल्यानंतर प्रत्येक तुकड्याचं वजन फेज शिफ्टच्या साइनच्या वर्गाएवढं राहतं. आणि प्रयोगात सहसा न्यूट्रॉनही ध्रुवीकृत (ठराविक दिशेला स्पिन रोखलेला) नसतो, प्रोटॉनही नसतो; म्हणजे सुरुवातीला सिंगलेटचा एक वाटा आणि तीन ट्रिपलेटचे तीन वाटे, सगळे सारखे. म्हणून विखुरलेल्या जोडीत

सिंगलेट-वाटा = साइन²(सिंगलेट) भागिले [साइन²(सिंगलेट) + ३×साइन²(ट्रिपलेट)].

ऊर्जा शून्याजवळ असताना साइनच्या जागी सरळ प्रकीर्णन लांबी घाला. २३.७ चा वर्ग ५६२. ५.४२ च्या वर्गाची तिप्पट ८८. सिंगलेट-वाटा ५६२/६५०, म्हणजे ०.८६. निम्म्याच्या कितीतरी वर! डी = −०.८२. ध्रुवीकरण अजिबात नसलेल्या दोन कणांमधून, फक्त विखुरलेले निवडल्यामुळे, भक्कम गुंतलेली जोडी हाती येते. आणि पहिला हिशेब याच ठिकाणी कन्करन्स शून्य म्हणत होता.

उलट १० एमईव्हीला, जिथे पहिला हिशेब जवळजवळ १ देत होता, तिथे सिंगलेट-वाटा फक्त ०.२ भरतो. मिश्रणात ०.२५ म्हणजे काहीच संबंध नाही. अध्रुवीकृत कणांच्या विखुरलेल्या जोडीत तिथे एन्टँगलमेंट उरतच नाही.

दोन्ही हिशेबांमध्ये विसंगती नाही. पहिला विचारतो की ही टक्कर, एक क्रिया म्हणून, सुट्या स्पिनना किती गुंतवू शकते. दुसरा विचारतो की माझ्या डिटेक्टरमध्ये आलेल्या जोडीची स्थिती काय. अगदी मंद न्यूट्रॉनच्या बाबतीत त्या लाटेची फेज जेमतेम हलते, म्हणून क्रियेला श्रेय शून्य. पण जे थोडे विखुरतात ते बहुतेक सिंगलेटमुळेच विखुरतात, म्हणून निवडलेली जोडी गुंतलेली. अर्थात हा कागदावरचा निकाल आहे. इतका मंद प्रोटॉन लक्ष्यातून बाहेरच पडत नाही, मग त्याचा स्पिन मोजणार कसा?

लांब्या बरोबर घेतल्यात ना, हे तपासायचं असेल तर वरचे ६५० घ्या आणि पायनं गुणा: सुमारे २०४० चौरस फेम्टोमीटर, म्हणजे २०.४ बार्न. मुक्त प्रोटॉनवर मंद न्यूट्रॉनचा मोजलेला क्रॉस सेक्शन (विखुरण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात) एवढाच आहे. ड्यूटेरॉनच्या माहितीवरून याच्या कितीतरी कमी आकडा अपेक्षित होता. सिंगलेट आणि ट्रिपलेटमध्ये बल वेगळं असतं, या विग्नरच्या सूचनेनं ते कोडं सुटलं. आपल्या सिंगलेट-वाट्याचं मूळ त्याच फरकात आहे.

पायरी ६: स्पिन मोजतात कसा

कणाच्या अंगावर स्पिनचा बाण काढलेला नसतो. त्याला पुन्हा कशावर तरी विखुरू द्यायचं, किंवा त्याचा ऱ्हास होऊ द्यायचा, आणि तुकडे कुठे जातात त्यावरून स्पिनचा अंदाज बांधायचा.

पहिलं ठळक उदाहरण १९५० चं. च्येन-श्युंग वू आणि अर्व्हिंग शाक्नोव्ह यांनी पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉनच्या विलोपनातून विरुद्ध दिशांना निघणारे ५११ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा फोटॉन घेतले, दोन्हींचं कॉम्प्टन प्रकीर्णन करवलं आणि डिटेक्टर एकमेकांना काटकोनात ठेवल्यावर व समांतर ठेवल्यावर मिळणाऱ्या मोजणीचं गुणोत्तर काढलं. ते २.०४ ± ०.०८ आलं, त्यांच्या मांडणीसाठी सिद्धांत २.०० म्हणत होता. स्थानिक वास्तववाद (गुणधर्म मोजण्याआधीच ठरलेले असतात आणि दूरच्या मोजमापाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, ही समजूत) खरा असेल तर सहसंबंधांना मर्यादा पडते, हे सांगणारं बेलचं प्रमेय यायला अजून १४ वर्षं होती.

प्रोटॉनसाठी कार्बनचा पातळ पत्रा वापरतात. स्पिन वर असलेला प्रोटॉन कार्बनवरून एका बाजूला थोडा जास्त विखुरतो. किती जास्त, ते पत्र्याच्या विश्लेषण क्षमतेवर ठरतं आणि ती १ पेक्षा कमी असते. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांची क्षमता ०.५ धरली तर खऱ्या सहसंबंधाचा फक्त चौथा हिस्सा मोजणीत दिसतो. उरलेलं भागाकारानं परत आणावं लागतं. हा भागाकार म्हणजे सगळ्या प्रयोगाचा नाजूक भाग. क्षमतेतली चूक सरळ उत्तरात येते, आणि टीकाकार आधी बोट ठेवतात तेही तिथेच.

फ्रान्समध्ये साक्ले इथे लामेही-राच्ती आणि मिटिग यांनी १९७६ मध्ये हेच केलं. सुमारे १३ एमईव्हीचे प्रोटॉन प्रोटॉनवर सोडले आणि वस्तुमान-केंद्राच्या चौकटीत ९०° ला विखुरलेल्या जोड्या घेतल्या. हा कोन हौसेनं निवडलेला नाही. प्रोटॉनसारख्या अर्ध्या स्पिनच्या दोन एकसारख्या कणांचं ट्रिपलेट प्रकीर्णन ९०° ला आपोआप नाहीसं होतं, आणि एवढ्या कमी ऊर्जेला उरतं ते जवळजवळ निव्वळ सिंगलेट. पाउलीचा नियमच इथे गाळणी होतो. निकाल क्वांटम यांत्रिकीच्या बाजूनं लागला. पुढे २००६ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत हिदेयुकी साकाई आणि सहकाऱ्यांनी ड्यूटेरॉनचा झोत हायड्रोजनवर सोडून दोन प्रोटॉनची सिंगलेट जोडी मिळवली. त्यांची बेल-राशी (सहसंबंधांवरून काढलेली, बेलच्या मर्यादेशी ताडून पाहायची राशी) २.८३ ± ०.२४ आली. स्थानिक वास्तववादाची मर्यादा २ आहे आणि क्वांटम कमाल २√२, म्हणजे सुमारे २.८३.

पायरी ७: टॉप क्वार्क

न्यूट्रॉनचं गणित पचलं असेल तर टॉप क्वार्कची बातमी अर्ध्या तासात समजते. टॉप हा सगळ्यात जड क्वार्क सुमारे ५ × १०^−२५ सेकंद जगतो. एवढ्यात त्याला हॅड्रॉनमध्ये (क्वार्क एकत्र येऊन बनणाऱ्या कणामध्ये) अडकायलाही वेळ मिळत नाही आणि स्पिन विस्कटायलाही नाही, म्हणून स्पिनची माहिती ऱ्हासातून निघणाऱ्या कणांकडे जशीच्या तशी जाते. त्यातला भारित लेप्टॉन (इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन) तर उत्तम: त्याची विश्लेषण क्षमता जवळजवळ पूर्ण १. कार्बनच्या पत्र्याशी झगडलेल्यांना हेवा वाटावा अशी.

टॉप आणि अँटीटॉप जेमतेम निर्माण होतील एवढ्या ऊर्जेला दोन ग्लुऑनमधून (प्रबळ बलाच्या वाहक कणांमधून) आलेली जोडी मुख्यतः सिंगलेट असते. प्रत्येक लेप्टॉनची दिशा त्याच्या जनकाच्या चौकटीत काढा आणि त्या दोन दिशांमधला कोन पाहा. त्या कोनाच्या कोसाइनची सरासरी घेऊन तिला −३ नं गुणलं की मिळतो डी, तोच पायरी १ मधला. ऋण चिन्ह येतं कारण एक लेप्टॉन स्पिनच्या दिशेनं जातो, दुसरा विरुद्ध. एन्टँगलमेंटची अट डी −१/३ पेक्षा कमी, म्हणजे कोसाइनची सरासरी १/९ पेक्षा जास्त. एवढी साधी! योआव आफिक आणि हुआन रॅमॉन मुन्योस दे नोव्हा यांनी ही पद्धत सुचवली.

सर्नच्या ॲटलास गटानं २०२३ मध्ये निकाल जाहीर केला; २०२४ मध्ये छापून आलेल्या लेखातले आकडे असे: १३ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या टकरी, जोडीचं वस्तुमान ३४० ते ३८० गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, डी = −०.५३७ ± ०.००२ (सांख्यिकी) ± ०.०१९ (पद्धतशीर). या मोजमापाच्या पातळीवर डिटेक्टरच्या निवडीचे परिणाम धरल्यावर मर्यादा −०.३२२ च्या जवळ येते, तरी फरक पाच सिग्माहून, म्हणजे एकूण अनिश्चिततेच्या पाचपटीहून, जास्त. सर्नच्याच सीएमएस गटाचा निकालही २०२४ मध्ये याच दिशेचा आला. दोन चुकांचे आकडे शेजारी ठेवून पाहा: पद्धतशीर चूक सांख्यिकीच्या जवळजवळ दहापट आहे. आणखी टकरी गोळा करून ती आपसूक कमी होणार नाही. जोडी निर्माण होण्याच्या उंबरठ्याचं सिम्युलेशन सुधारावं लागेल.

आणि ३४० ते ३८० ही खिडकी म्हणजे पायरी ५ मधली गाळणी. सगळ्या जोड्या धरल्या तर सिंगलेट इतरांमध्ये विरघळून जातं.

पायरी ८: गुंतलेले म्हणजे बेलचा भंग करणारे, असं नाही

हा गोंधळ बातम्यांमध्ये सर्रास असतो. रिनहार्ड वेर्नरनं १९८९ मध्ये दाखवलं की काही मिश्र स्थिती गुंतलेल्या असूनही स्थानिक वास्तववादाशी सुसंगत असतात. सगळ्या दिशांना सारख्या असलेल्या स्थितींसाठी बेल-राशी २√२ गुणिले डीच्या मापाएवढी असते. ती २ च्या वर जायला डीचं माप ०.७०७ हून जास्त हवं. ॲटलासचा ०.५३७ या सूत्रात ढोबळपणे घातला तर १.५२ येतात: गुंतलेले, पण भंग नाही. मंद न्यूट्रॉनच्या आपल्या कागदी जोडीचे −०.८२ घातले तर २.३२ येतात: भंग.

त्यातही कोलायडरमध्ये मोजमापाची दिशा कुणी निवडत नाही. टॉप त्याला हवा तेव्हा आणि हव्या त्या दिशेत विघटित होतो. शिवाय कोनावरून स्पिन काढताना क्वांटम यांत्रिकी आधीच वापरलेली असते. म्हणून कोलायडरमधल्या अशा मोजमापाला मी क्वांटम यांत्रिकीची तिच्याच चौकटीतली कसून केलेली तपासणी म्हणेन, स्थानिक वास्तववादाचं खंडन म्हणणार नाही. यावर मतभेद आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत.

प्रोटॉनच्या आतल्या एन्टँगलमेंटचा विषय वेगळाच. दिमित्री खारझीव आणि युजीन लेविन यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार खोल अप्रत्यास्थ प्रकीर्णनात (जोरदार इलेक्ट्रॉन आदळून प्रोटॉन फुटतो अशा टकरीत) इलेक्ट्रॉन प्रोटॉनचा काही भागच पाहतो, आणि न पाहिलेल्या भागाशी असलेलं एन्टँगलमेंट एन्ट्रॉपीच्या रूपानं दिसतं. तिथे स्पिनची बेरीज-वजाबाकी पुरत नाही. पार्टॉन वितरणं (प्रोटॉनचा संवेग त्याच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनमध्ये कसा वाटला जातो) शिकून मगच तिकडे जा.

पायरी ९: स्वतःचा छोटा प्रोग्रॅम

पायरी ४ चं समीकरण ३०–४० ओळींत लिहा. ऊर्जा ०.०१ पासून १० एमईव्हीपर्यंत न्या आणि एकाच आलेखावर दोन रेषा काढा: पहिल्या हिशेबाची कन्करन्स आणि दुसऱ्या हिशेबाचा सिंगलेट-वाटा. ०.५ एमईव्हीला वाटा ०.६० आला पाहिजे, १ एमईव्हीला ०.४८. वाट्याची रेषा ०.५ ला ०.८७ एमईव्हीच्या आसपास छेदते. त्यापलीकडे अध्रुवीकृत जोडीतलं एन्टँगलमेंट संपतं.

छेद भलतीकडेच येत असेल तर पहिल्या दोन जागा तपासा; तिसरी फेज शिफ्टच्या आलेखासाठी आहे. अंश आणि रेडियन यांची सरमिसळ झाली आहे का. ट्रिपलेटच्या पुढचा ३ राहिला आहे का. आणि कोटॅन्जंट ऋण असताना प्रोग्रॅमनं ट्रिपलेटची फेज शिफ्ट १४८° ऐवजी −३२° दिली आहे का. या तिसऱ्या चुकीनं दोन्ही रेषांवर काहीही परिणाम होत नाही, कारण १८०° चा फरक साइनच्या वर्गातही पुसला जातो आणि साइन(२×फरक) मध्येही. पण फेज शिफ्टचाच आलेख काढायला गेलात तर ऊर्जा शून्याकडे जाताना ट्रिपलेटची रेषा १८०° ऐवजी शून्यावर जाऊन बसेल आणि ड्यूटेरॉन आलेखातून गायब होईल.